उजव्या बाजूचा डाग

काउको मोइलानेन एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की हात धुऊन लागायचा. सुतारकामातून निवृत्त झाल्यावर तर त्याला दुसरा उद्योगच नव्हता. त्या वर्षी तो बापाच्या बंदुकीच्या मागे लागला होता.

बाप, ईवारी, मागच्या हिवाळ्यात कायानीच्या इस्पितळात वारला. मागे ठेवलं काय, तर एक गळकी होडी, एक भांडकुदळ मांजर आणि स्वयंपाकघराच्या दारावर दोन खिळ्यांवर टांगलेली एल्क या थोराड रानहरणाच्या शिकारीची बंदूक. होडी काउकोने फोडून चुलीत घातली. मांजर आपण होऊन निघून गेली. बंदूक तेवढी राहिली.

शिकारीची म्हणायची, पण मुळात ती सैन्याची. ईवारी लढाईतून पाय अधू करून घरी आला, त्याच्या दुसऱ्या महिन्यात ती घरात दिसू लागली, आणि पानगळ व्हायच्या आत त्याने ती करवतीखाली घातली. नळीखालचं पुढचं लाकूड हातभर कापून टाकलं. पट्ट्याच्या कड्या आणि संगीन अडकवायचा दांडा काढून फेकला. मागचा दस्ता कानशीने घासून बारीक केला आणि वर होड्यांना लावतात ते जाड व्हार्निश फासलं. काउको तेव्हा सात वर्षांचा होता. कापलेलं लाकूड बापाने साउनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत सारलं आणि ते पुरतं जळेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला, हे त्याला लख्ख आठवत होतं. "लांब लाकूड झाडीत अडकतं," एवढंच ईवारी म्हणाला होता. युद्धानंतर गावातल्या निम्म्या बंदुकांची अशीच हजामत झाली, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता ती बंदूक काउकोला पुन्हा होती तशी करायची होती. सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, चर्चच्या सभागृहात जुन्या सैनिकांच्या वस्तू मांडणार होते, हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. आई सांगायची, लढाईआधी तुझा बाप अकॉर्डियन वाजवायचा, खिदळायचा, नाचात पोरींच्या पायावर पाय द्यायचा. काउकोने हा माणूस कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या वाट्याला आला तो न बोलणारा, जेवून उठणारा, खिडकीपाशी पाठमोरा बसणारा बाप. त्याला वाटायचं, ही बापाला सैन्यात मिळालेली बंदूक पहिल्यांदा हातात पडली तेव्हाचा ईवारी तो खिदळणारा असणार. ती जर तशीच्या तशी पुन्हा उभी राहिली, तर निदान क्षणभर तो माणूस दिसेल. वेडेपणाच होता. पण बाप गेलेल्या माणसाच्या वेडेपणाला हसू नये.

त्याची बायको राइली मात्र हसायची.

"साउनात माणसं अंघोळ करतात, काउको. बंदुका नाही."

"अख्खी बंदूक कुठे नेतोय? नुसतं लाकूड. लाकडातलं जुनं तेल घामावाटे बाहेर काढायचं तर साउनासारखी जागा नाही. सगळे असंच करतात."

"सगळ्यांच्या बायका मुक्या असतील. माझ्या टॉवेलांना डांबराचा वास येतोय. परवा मला दुकानात विचारलं, रस्त्याच्या कामावर लागलीस का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही, नवऱ्याने घरात दुसरी आणलीय, तिला न्हाऊमाखू घालतोय."

काउको हसला, पण ऐकलं नाही. पुढचा तुकडा त्याने जुन्या बर्चच्या लाकडाचाच मिळवला, कारण नवीन लाकडाचा रंग ओरडून चुगली करतो. सैन्यात करायचे तसे दोन्ही तुकड्यांना दाते पाडून ते एकमेकांत असे बसवले की सांधा कडीखाली झाकून जावा. कड्या आणि टोकाची लोखंडी टोपी त्याने शेजारच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याकडून मिळवली. त्याच्या बदल्यात म्हाताऱ्याच्या कोंबड्यांसाठी खुराडं करून द्यावं लागलं. मग बापाचं व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं, लाकूड गरम पाण्याने धुतलं आणि साउनाच्या वरच्या फळीवर चिंध्यांवर आडवं ठेवलं.

पहिल्याच तापवणीत लाकडाला घाम फुटला. काळे, चिकट थेंब शिरांमधून वर येत आणि चिंध्यांवर पडत. काउको दर थोड्या वेळाने आत जाई, दस्ता पुसून काढी, कूस पालटी, दगडांवर ओगराळंभर पाणी ओतून वाफ करी म्हणजे दबलेल्या खाचा फुगून वर येत. त्याच फळीवर त्याच्या आजीला शेवटची अंघोळ घातली होती. चिंध्यांत गुंडाळलेलं ते लांब, घामेजलेलं लाकूड पालटताना ही गोष्ट त्याच्या मनात येऊ नये तरी यायची.

तिसऱ्या तापवणीनंतर डाग दिसला.

दस्त्याच्या वरच्या कडेला, उजव्या बाजूला, तळहाताएवढा गडद चट्टा होता. तेलाचा नव्हे. तेल पुसलं जातं. हा चट्टा गुळगुळीत होता, लाकडाच्या आत गेलेला. काउकोने आयुष्यभर जिने आणि त्यांचे कठडे दुरुस्त केले होते, माणसाची कातडी वर्षानुवर्षं एका जागी घासली की लाकूड कसं होतं हे त्याला सांगायला नको होतं. त्याने दस्ता खांद्याला लावून पाहिला. उजव्या खांद्याला लावला की त्याचा गाल डाव्या बाजूला टेके, आणि तिथे लाकूड कोरं होतं. बापाचा गालही तिथेच टेकत आला असणार, पण तो व्हार्निशवर, लाकडाला न लागता. मग त्याने दस्ता डाव्या खांद्याला लावला. डाव्या हाताने नेम धरणारा धरील तसा. त्याचा गाल बरोबर त्या चट्ट्यावर बसला. लाकूड अजून गरम होतं.

त्याने दस्ता झटकन खाली ठेवला.

ईवारी उजवा होता. चमचा, कुऱ्हाड, थप्पड, सगळं उजव्या हाताने. म्हणजे बापाच्या आधी बंदूक दुसऱ्या कुणाकडे होती. त्यात काय मोठंसं, काउकोने स्वतःला समजावलं, सैन्यातल्या बंदुका दहा हातांतून फिरतात. पण त्याला राग आला. खिदळणाऱ्या बापाला शोधायला तो इतकं खरवडत आला, आणि खाली निघाला भलताच कुणीतरी. त्याने डाग सोड्याच्या पाण्याने घासला. बारीक पॉलिश कागदाने घासला. डाग फिकट झाला, काउको निर्धास्त झोपला, आणि पुढच्या तापवणीत लाकडाच्या पोटातून तो पुन्हा वर आला, होता तस्साच. त्यानंतर शनिवारच्या अंघोळीला बसताना तो दस्ता आधी बाहेर नेऊन ठेवू लागला. राइलीला कारण सांगितलं की पाणी उडतं. खरं तर त्याला त्या फळीवर त्याच्याशेजारी बसवत नव्हतं.

केक्रीचा दिवस आला. नोव्हेंबरचा पहिला शनिवार. म्हणजे आपापल्या पितरांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा दिवस. पूर्वी त्या दिवशी साउना तापवून, पाणी आणि टॉवेल ठेवून, घरची माणसं बाहेर निघून जात, म्हणजे घरातल्या गेलेल्यांना निवांत अंघोळ करता यावी. आता ते कुणी करत नाही. राइली गाडी घेऊन कबरस्तानात गेली. "तू नाही येत? पहिलंच वर्ष आहे बापाचं," ती म्हणाली.

"साउना तापत घातलीय. शेवटची तापवणी. उद्या जवसाचं तेल द्यायचंय."

"बापापेक्षा बंदूक मोठी झाली."

"त्याच्यासाठीच करतोय ना!"

"त्याने मागितली होती का?" असं म्हणून ती गेली.

दुपारी चारलाच अंधार पडला होता. काउको कामाच्या कपड्यांतच साउनात शिरला. दिवा नेला नाही, हातांना सगळं ठाऊक होतं. बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत एकही कपडा टांगलेला नव्हता. अंगणात गाडी नव्हती. धुराड्यातून तेवढा धूर निघत होता. बाहेरून बघणाऱ्याला हे केक्रीच्या जुन्या रितीसारखं दिसत असेल, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याने आतलं दार लावून घेतलं, चाचपून दस्ता पुसला आणि दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. दगड फुत्कारले.

"आलास होय," बाहेरच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं.

काउकोच्या हातातलं ओगराळं बादलीत पडता पडता राहिलं.

"आलास ते बरं झालं, ईवारी. मला वाटलं, तुझा पोरगा विसरला असेल. आजकालच्यांना कुठे केक्री माहीत असते? पण धूर पाहिला, गाडी गेलेली पाहिली. म्हटलं, चांगलं वळण आहे हो पोराला."

आवाज साइमी केम्प्पाइनेनचा होता. शेजारची साइमीमावशी. पंचाहत्तरी उलटलेली, बिनलग्नाची, रस्त्यापलीकडच्या घरात एकटी राहणारी. काउकोने लहानपणापासून तिच्या हातचे पाव खाल्ले होते. तो दाराकडे वळला, आणि थांबला. आता एकदम दार उघडलं तर म्हातारी जागच्या जागी खलास व्हायची. खोकलावं का? खोकला तरी तेच. आणि मेलेल्या माणसाशी बोलणाऱ्या बाईला मध्येच तोंडघशी पाडायचं कसं? जाईल दोन शब्द बोलून, त्याने विचार केला, आणि गप्प उभा राहिला. तिथेच त्याचं चुकलं.

बाहेर बाकड्याची फळी करकरली. ती बसली होती.

"मी टॉवेल आणलेत. दोन. एक तुझ्यासाठी आणि एक त्याच्यासाठी, आला असेल तर. तुझ्याबरोबर आला असेल तर." टॉवेल खुंटीला लागल्याची सळसळ झाली. "मी आज कबरस्तानात गेले नाही. जाऊन करू काय? तिथे तो दगड बसवलाय, दुसरीकडे पुरलेल्यांसाठीचा. पाद्रीबुवा दरवर्षी म्हणतात, साइमी, तिथे लाव मेणबत्ती. मी म्हणते, दुसरीकडे म्हणजे कुठे ते सांगा, तिथे नेऊन लावते. तर गप्प बसतात."

आत उकाडा चढत होता. काउकोच्या पाठीवरून घामाची धार लागली.

"तुला मी जिवंतपणी कधी विचारलं नाही, ईवारी. भीती वाटायची. तू उत्तर दिलं असतंस तर मग तुझी लाकडं कशी घेतली असती मी? दर पानगळीत गाडाभर बर्च माझ्या अंगणात. दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढलेला. गावाला वाटायचं, घरी बायको असताना लंगडा ईवारी साइमीवर लाइन मारतोय." ती फिसकन हसली. "मलाही वाटलं होतं, दोनेक वर्षं. रिबीनसुद्धा आणली होती. मग लक्षात आलं, हा माझ्या तोंडाकडे कधी बघतच नाही."

काउकोलाही ते आठवलं. बाप तिच्या अंगणात लाकडं टाकायचा आणि कॉफीला न थांबता निघायचा. पण ती मात्र यायची. दर आठवड्याला यायची, त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची, दाराशेजारच्या बाकावर, त्या बंदुकीखाली.

"माझ्या आईच्या वेळेला पितरांना विचारायची रीत होती. हो असेल तर दगडांवर पाणी पडतं, नसेल तर गप्प. तुला बोलायला तर कधीच आवडलं नाही, तेव्हा ही रीत तुझ्या सोयीची आहे. विचारू?"

काउकोने ओगराळं बादलीपासून दूर धरलं. विचारू नको, मावशी, असं त्याला ओरडावंसं वाटलं.

"माझा भाऊ विल्हो," ती म्हणाली. "त्या उन्हाळ्यात तो आघाडीवरून पळाला, ते मी नाकारत नाही. रानात लपला. मी त्याला भाकरी नेऊन द्यायचे, आत मासे भरलेल्या शिळ्या भाकरी. हसायचा रे तो. म्हणायचा, साइमी, तुझा स्वयंपाक खाण्यापेक्षा रशियन बरे. वेडा. सगळं डाव्या हाताने करायचा. शाळेत मास्तरांनी हात पाठीला बांधला तरी सुधारला नाही. बंदूकसुद्धा डाव्या खांद्याला लावायचा, म्हणे पलटणीत सगळे टिंगल करायचे, गोळी भरायचा खटका ओढायला याचा हात बंदुकीवरून पलीकडे जातो म्हणून. मग एक दिवस मी भाकरी घेऊन गेले तर तो नव्हता. त्याची झोळी नव्हती, बंदूक नव्हती. पोलिसांनी लिहिलं, हत्यार घेऊन सरहद्दीपलीकडे गेला. हत्यार सापडलं असतं तर वेगळं लिहिलं असतं. पण हत्यार कुठेच सापडलं नाही."

अंधारात काउकोचा हात फळीवर गेला होता. दस्ता तिथे होता, ओला, गरम. बोटांना उजव्या कडेचा तो गुळगुळीत चट्टा लागला आणि या वेळी त्याने हात काढून घेतला नाही. पन्नासेक वर्षं ही बाई ज्या बंदुकीखाली बसून कॉफी प्यायली, ती बंदूक हीच होती. बापाने ती कापली, घासली, व्हार्निशखाली गाडली आणि दारावर उघड्यावर टांगून ठेवली. सगळ्यांसमोर.

"रानं धुंडाळायला जी टोळी नेमली होती, तीत तू होतास," साइमी म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "त्याचं मी काही म्हणत नाही. हुकूम होता. लंगडत का होईना, जावं लागलं असेल. पण नंतर... ईवारी, एल्कच्या शिकारीत सगळ्यांच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतात. तू एकटा भांडून कुइक्का तळ्याच्या टोकावरची जागा मागायचास. तीन बाजूंनी पाणी. तिथे एल्क येईल कशाला? जन्मात एक तुझ्यासमोरून गेला नाही. पोरं तुला तळ्याचा पुजारी म्हणायची. मी म्हणायचे, बिचाऱ्याला शिकार जमत नाही, चारचौघांत लाज नको म्हणून लांब बसतो. मागच्या हिवाळ्यात तुझी शवपेटी खाली सोडताना मी उभी होते, आणि एकाएकी माझ्या मनात आलं. त्या दिवसापासून झोप नाही मला. विल्हो तिथे आहे का? कुइक्काच्या टोकावर? एवढंच सांग. हो असेल तर पाणी टाक."

काउकोला ते टोक ठाऊक होतं. दहा वर्षांचा असताना बाप त्याला एकदा बरोबर घेऊन गेला होता. तीन मोठे पाइन आणि त्यांच्यामध्ये एक खोलगट जागा. तिथे पोचल्यावर बापाने टोपी काढली होती. मग ओंडक्यावर बसला तो जनावरांच्या वाटेकडे पाठ करून, त्या तीन झाडांकडे तोंड करून. शिकारी असा बसत नाही हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. "बाबा, एल्क मागून येईल," तो म्हणाला होता. बाप म्हणाला होता, "येऊ दे." पुन्हा कधी त्याने काउकोला तिथे नेलं नाही.

हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. साइमीलाही नाही.

त्याने ओगराळं बुडवलं. अंधारात अर्धं पाणी फळीवर सांडलं. उरलेलं दगडांवर गेलं.

फुत्कार विरला. मग एक बारीक, लांबट हुंदका आला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज कमी आणि श्वास जास्त. "जवळच," ती म्हणाली. "किती जवळ होता रे! मी दर उन्हाळ्यात पलीकडच्या काठावर बोरं वेचायला जायचे. गाणं म्हणत जायचे, ईवारी. माझा आवाज गेला असेल त्याच्यापर्यंत."

काउकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घाम की काय हे त्यालाही कळत नव्हतं. संपलं, त्याने स्वतःला सांगितलं. आता उठेल, जाईल. उद्या मी काहीतरी निमित्त काढून तिला तिथे घेऊन जाईन. बापाचं नावही राहील आणि हिला भाऊही मिळेल.

पण फळी करकरली नाही.

"आणखी एक," साइमी म्हणाली. "शेवटचं. मग तुला त्रास देणार नाही. टोळीत तुम्ही पाचजण होतात. बाकीचे चौघे मेले, ते परगावचे होते, त्यांचं मला काही नाही. पण तू आमच्या घरी वाढलेला. विल्होबरोबर मासे धरलेस. तुझ्या हाताने झालं का, ईवारी? झालं असेल तर पाणी टाक. नसेल तर गप्प राहा. तू गप्प राहिलास तर मी मानेन. लाकडं आणलीस त्याबद्दल तुझे पाय धरीन आणि रोज रात्री तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

गप्प राहायचं. एवढंच करायचं होतं. मोइलानेनांना ते पिढ्यान्‌पिढ्या उत्तम जमत आलं होतं.

आणि खरोखर, काउकोला काय माहीत होतं? तो तिथे नव्हता. गोळी कुणाचीही असू शकते. बापाने नुसतं पुरलं असेल. पुरून बंदूक उचलली असेल. त्याने हे सगळं मनाशी जुळवायचा प्रयत्न केला. आणि त्याला इस्पितळातला तो शेवटचा आठवडा आठवला. बाप डोळे मिटून, घोगऱ्या आवाजात कुणाची तरी विनवणी करत होता. "ठेव म्हटलं ना खाली. ठेव ना रे, विलू. माझ्यावर रोखू नको. ठेव." नर्सला वाटलं, त्याच्या हातातला कप काढून घ्यायला सांगतोय. तिने कप काढून घेतला. तरी तो म्हणतच राहिला. शेवटच्या दिवशी तो काउकोचं मनगट धरून म्हणाला होता, "ठेवत होता तो. मी आधीच चाप ओढला." विलू कोण, हे काउकोने विचारलंही नव्हतं. औषधाच्या गुंगीत माणूस काहीबाही बरळतो.

खाली ठेवत होता. डाव्या हाताने. आणि ईवारीने, जो त्याच्याबरोबर मासे धरायचा, खिदळायचा, अकॉर्डियन वाजवायचा, त्याने...

काउकोला जो बाप बघायचा होता तो त्याला दिसला. पाइनांच्या मध्ये, तरणा, लंगडा, भेदरलेला. इतका भेदरलेला की त्याने समोरच्या माणसाला बंदूक जमिनीवर टेकवायलाही उसंत दिली नाही.

बाहेर साइमी वाट बघत होती. तिच्या श्वासाचा आवाज दारातून येत होता. हळूहळू तो सैलावत चालला होता. गप्पपणातून तिला उत्तर मिळू लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती उठली असती, हलक्या मनाने घरी गेली असती, आणि ईवारी मोइलानेन गावात सभ्य माणूस म्हणून कायमचा राहिला असता. काउकोला बापाची दया आली. मनापासून आली. आणि तेवढ्याच जोराने या बाईची आली, जी प्रार्थना करणार होती, रोज, आपल्या भावाला मारणाऱ्यासाठी, न कळता.

त्याने ओगराळं काठोकाठ भरलं आणि दगडांवर उपडं केलं.

वाफ छतापर्यंत उसळली, त्याचा चेहरा भाजून निघाला. तो तसाच डोळे मिटून उभा राहिला. दगड बराच वेळ फुसफुसत होते, मग टिकटिकायला लागले, मग शांत झाले. बाहेर काहीच नाही. ती पडली की काय? गेली की काय? त्याने दाराला कान लावला.

"काउको," साइमी म्हणाली. अगदी रोजच्या आवाजात, पाव घ्यायला बोलवायची तशी. "बाहेर ये बाळा. शिजशील आत."

तो दार उघडून बाहेर आला. ती अंगात कोट, डोक्यावर रुमाल, मांडीवर हात ठेवून बाकावर बसली होती. खुंटीवर दोन टॉवेल होते. खिडकीतून बर्फाचा फिका उजेड येत होता, तेवढ्यात त्याला तिचे ओले गाल दिसले. तिने त्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. दस्ता त्याने कधी उचलला होता हे त्यालाच समजलं नव्हतं. तिने हात पुढे केले तसा त्याने तो तिच्या मांडीवर ठेवला. तिचं बोट कडेवरून फिरत त्या चट्ट्यापाशी आलं आणि तिथे थांबलं. काउकोला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"मावशी, मी आधीच बाहेर यायला हवं होतं. मी तुला फसवत नव्हतो. मला ते... त्याने मरताना सांगितलं होतं, मला कळलं नव्हतं."

"फसवलंस कुठे? आधी मला ईवारीच वाटला होता, मी नाकारत नाही. तो तळ्याचं सांगेल असं वाटलं होतं. तेवढं त्याला झेपलं असतं."

"मग? मी आहे हे कधी कळलं?"

साइमीने खुंटीवरचा एक टॉवेल काढला, ओला दस्ता त्यात नीट गुंडाळला, आणि छातीशी धरून उठली.

"शेवटचं पाणी पडलं तेव्हा," ती म्हणाली. "ईवारीने ते कधीच ओतलं नसतं."